दुरुस्तीचा भार कोणी वाहावयाचा?

संगणक वापरणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीस क्वचितच पडला असेल असा एक मजकूर २५ एप्रिल २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. डेबियन नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आठवी आवृत्ती त्या दिवशी बाहेर पडली आणि तिच्यासोबतच्या माहितीपत्रकात कर्त्यांनी एक कबुली दिली. जावास्क्रिप्ट भाषेतील प्रोग्रॅम चालविणारी नोड जेएस ही यंत्रणा, तिच्या बुडाशी असलेली लायब्ररी आणि तिच्यावर आधारलेली सारी पॅकेजे या आवृत्तीत आहेत खरी. परंतु त्यांत सुरक्षिततेचे दोष इतक्या मोठ्या संख्येने निघतात, की ते निस्तरण्यास लागणारा वेळ देण्याची तयारी असलेला स्वयंसेवक आमच्यापाशी नाही. सबब बाहेरून येणाऱ्या, खात्री नसलेल्या मजकुराशी या पॅकेजांचा संबंध येऊ देऊ नये, असा त्या कबुलीचा आशय होता.

माल दुकानात मांडावयाचा आणि तो नासला तर बदलून देण्यास आमच्याकडे माणूस नाही अशी पाटीही शेजारी लावावयाची, हा प्रकार व्यापारात सहसा आढळत नाही. डेबियन ही व्यापारी संस्था नाही, म्हणूनच तिला ही पाटी लावता आली. १९९३ साली इयान मर्डॉक या अमेरिकेतील विद्यार्थ्याने सुरू केलेला हा उपक्रम देशोदेशींच्या स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो. त्याचा पसारा मात्र लहान नाही. २००४ साली निघालेली उबुंटू ही लोकप्रिय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही याच घराण्यातील. मुळाशी दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले, की त्याचे परिणाम फांद्यांपर्यंत पोचणारच.

हा सारा विषय तांत्रिक समजून तंत्रज्ञांवर सोपविण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे. जी दुरुस्ती सर्वांना हवी असते, जिचा लाभ कोणासही नाकारता येत नाही आणि जिच्यासाठी पैसे मोजण्याची सक्ती कोणावरही नसते, ती करावयाची कोणी? प्रोग्रॅमिंगच्या भाषांच्या पॅकेजांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा जुनाच प्रश्न अधिक बिकट करून ठेवला आहे.

एक दुरुस्ती, हजारांना लाभ

जुनी व्यवस्था कशी चालते हे आधी पाहिले पाहिजे. डेबियनसारख्या प्रणालीत प्रत्येक प्रोग्रॅम पॅकेजच्या रूपाने येतो. २०२३ साली निघालेल्या बाराव्या आवृत्तीत अशी चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे होती. अनेक प्रोग्रॅमांना लागणारे समान काम, उदाहरणार्थ मजकूर गुप्त लिपीत बदलणे किंवा चित्र उलगडणे, हे प्रत्येकाने वेगळे लिहीत न बसता एका सामायिक लायब्ररीकडे सोपविलेले असते. त्या लायब्ररीत दोष निघाला तर ती एकच दुरुस्त करावयाची. तिच्यावर विसंबलेले शेकडो प्रोग्रॅम आपोआप बरे होतात. एकाच्या श्रमाचे फळ हजारांच्या पदरात पडावे, अशी ही काटकसरीची रचना आहे.

या कामातील सर्वांत किचकट आणि सर्वांत कमी वाखाणला जाणारा भाग वेगळाच आहे. दोष निघाला, की मूळ लेखक बहुधा प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती काढतो. नव्या आवृत्तीत दुरुस्तीबरोबर इतर दहा बदलही असतात, आणि त्या बदलांमुळे कचेरीतील वेतनपत्रके छापणारा जुना प्रोग्रॅम बंद पडू शकतो. म्हणून डेबियनचे सुरक्षा पथक नव्या आवृत्तीतील नेमकी दुरुस्ती तेवढी वेगळी काढते आणि तीन-चार वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत बेताने बसविते. जुन्या कापडाला त्याच रंगाचे ठिगळ लावून शिवण दिसू न देणाऱ्या रफूगाराचे हे काम आहे. ते साधले तर वापरणाऱ्याला काही घडल्याचे कळतही नाही. कीर्ती या धंद्यात नाही.

एप्रिल २०१४ मधील ‘हार्टब्लीड’ प्रकरणाने या व्यवस्थेचे बळ आणि तिची दुर्बलता एकाच वेळी दाखवून दिली. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या मार्च २०१२ मध्ये निघालेल्या आवृत्तीत एक चूक राहिली होती. तिचा फायदा घेऊन दूरवरचा कोणीही सर्व्हरच्या स्मृतीतील तुकडे, त्यात पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही आल्या, चोरून वाचू शकत असे. दोन वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी दोष जाहीर झाला आणि त्याच दिवशी डेबियनने दुरुस्त पॅकेज उपलब्ध करून दिले. ज्याने ते घेऊन सर्व्हरवरील सेवा पुन्हा सुरू केल्या, त्याचे सारे प्रोग्रॅम त्या क्षणापासून सावरले. ज्या किल्ल्या आधीच फुटल्या असतील त्या बदलण्याचे काम उरलेच, पण भोक तरी बुजले.

दुर्बलता याच्या आणखी खाली होती. जगातील बँका आणि व्यापारी पेढ्या ज्या लायब्ररीवर विसंबून होत्या, तिच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला देणग्यांच्या रूपाने वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर मिळत असत, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता. गाजावाजा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला हे खरे. पण त्यासाठी आधी विहिरीत कोणी तरी पडावे लागले!

मिठाचा डबा आणि शिजलेली भाजी

प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी आता स्वतःची कोठारे उघडली आहेत. पर्ल भाषेचे कोठार १९९५ पासूनचे. पुढे पायथॉनचे पायपीआय, जावास्क्रिप्टचे एनपीएम, रस्टचे क्रेट्स अशी मालिकाच सुरू झाली. पायथॉनच्या कोठारात पाच लाखांहून अधिक, तर जावास्क्रिप्टच्या कोठारात वीस लाखांहून अधिक पॅकेजे आहेत. कोणीही लिहावे आणि कोणीही एका आज्ञेसरशी उचलावे, अशी मुक्त रीत आहे. तिच्यामुळे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम अतोनात सोपे झाले हे नाकारता येणार नाही. परंतु या दाराने आत आलेल्या मालावर ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षा पथकाची नजर नसते. दर आठवड्यास निमूटपणे अपडेट घेणाऱ्या कारकुनास आपला संगणक निर्धोक वाटतो. पण ते अपडेट पुढच्या दाराचे असते, मागचे दार त्यात येत नाही.

याहून गंभीर गोष्ट जोडणीची आहे. गो आणि रस्ट या भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम तयार होताना त्याला लागणाऱ्या सर्व लायब्रऱ्या बहुधा त्याच्या पोटातच भरल्या जातात. स्वयंपाकघरातील उदाहरण घ्यावे. डब्यातील मीठ खराब निघाले तर डबा रिकामा करून नवे मीठ भरता येते. पण तेच मीठ घालून शिजलेल्या भाजीचे काय? डबा बदलून ती सुधारत नाही. एकेक भाजी नव्याने करावी लागते, आणि कोणत्या भाजीत ते मीठ पडले होते हे आधी शोधून काढावे लागते.

डेबियनच्या २०१९ सालच्या आवृत्तीत पुन्हा एक पाटी लागली ती यामुळेच. एका पॅकेजचा भाग दुसऱ्याच्या पोटात गेला असेल तर अशी सारी पॅकेजे मोठ्या प्रमाणावर पुन्हा बांधण्याची सोय आमच्या यंत्रणेत नाही, म्हणून गो भाषेतील पॅकेजांना नियमित सुरक्षा-दुरुस्तीचे आश्वासन देता येत नाही, असे तिने सांगितले. १० जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत गोच्या जोडीला रस्टचे नाव आले आणि या दोहोंना मर्यादित संरक्षण मिळेल असे म्हटले गेले. येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. हार्टब्लीडसारख्या, स्मृतीची मर्यादा ओलांडून वाचण्याच्या चुका मुळातच होऊ नयेत, हा रस्ट भाषेचा एक प्रमुख उद्देश. म्हणजे रोग कमी व्हावेत म्हणून जी भाषा आणली, तिच्यामुळे झालेल्या रोगावर उपचार करणे मात्र अवघड झाले.

याला केवळ तंत्रज्ञांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. सारे काही पोटात घेतलेला प्रोग्रॅम एका फाइलीच्या रूपाने कोणत्याही संगणकावर नेऊन ठेवता येतो, ही लिहिणाऱ्याची मोठी सोय आहे. तिचा लाभ लिहिणाऱ्यास तत्काळ मिळतो. तिचा खर्च मात्र पाच वर्षांनी, दुसऱ्याच कोणावर तरी पडतो. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडल्याने मालकाचा खर्च वाचतो आणि खालच्या गावाचे पाणी बिघडते. अर्थशास्त्राच्या वर्गात बाह्य परिणामांचे हे उदाहरण वर्षानुवर्षे दिले जाते. येथील सांडपाणी डोळ्यांना दिसत नाही, इतकाच फरक.

डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉगफोरजे या पॅकेजात निघालेल्या दोषाने याचा कडू अनुभव दिला. प्रोग्रॅममध्ये काय घडले याची नोंद वहीत करावी तसे साधे काम करणारे हे पॅकेज; पण नोंदीत विशिष्ट अक्षरे आली तर ते बाहेरून परकी आज्ञा आणून चालवू लागे. दोषाच्या तीव्रतेस दहापैकी दहा गुण देण्यात आले. डेबियनने आपले पॅकेज ११ डिसेंबरपर्यंत दुरुस्त केले. परंतु जगभरच्या कंपन्यांनी विकलेल्या प्रोग्रॅमांच्या गाठोड्यांत, गाठोड्यातल्या गाठोड्यांत, याच पॅकेजाच्या अगणित प्रती बांधलेल्या होत्या. त्यांच्यापर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमचा हात पोचत नव्हता. आपल्याकडे ही प्रत आहे की नाही हेच कित्येक संस्थांना सांगता येईना. अमेरिकी सरकारने नेमलेल्या परीक्षण मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात हा दोष दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ ठिकठिकाणी टिकून राहील, असा निष्कर्ष काढला.

फुकटचे मोल

केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी २००१ साली एक निबंध लिहून संगणक-सुरक्षिततेचे प्रश्न गुप्त लिपीच्या गणिताइतकेच, किंबहुना अधिक, आर्थिक प्रेरणांचे आहेत, असे प्रतिपादन केले. व्यवस्थेचे रक्षण ज्याने करावयाचे आणि ती कोसळल्यास ज्याचे नुकसान व्हावयाचे, ते दोघे भिन्न असले की रक्षण ढिले पडते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. त्याआधी १९७० साली जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते, की गिऱ्हाइकास मालाची पारख करता येत नसेल तर चांगल्या मालास योग्य भाव मिळत नाही. सुरक्षित प्रोग्रॅम आणि असुरक्षित प्रोग्रॅम यांचे बाह्य रूप एकच असते. मग अधिक खर्च करून सुरक्षित प्रोग्रॅम बनविणाऱ्याने तो खर्च भरून काढावयाचा कोठून?

इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन संस्थेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. स्ट्रट्स या जावातील पॅकेजातील दोषाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली होती. कोणासही ती विनामूल्य घेता येत होती. इक्विफॅक्सच्या एका यंत्रणेवर ती बसविली गेली नाही, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोरांनी तेथून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली. हे लोक बहुतांशी त्या संस्थेचे गिऱ्हाईक नव्हते. त्यांची माहिती तिच्याकडे परस्पर साठलेली होती. नाराज होऊन दुसऱ्या दुकानात जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा नव्हता. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत संस्थेवर ७० कोटी डॉलरपर्यंतचा बोजा पडला. परंतु तो बसला दुसऱ्या वर्षी, आणि निष्काळजीपणाची बचत झाली ती आधी.

तेव्हा दुरुस्ती फुकट मिळते म्हणून ती केली जातेच असे नाही. आणि ती फुकट मिळते म्हणून ती बनविण्यास खर्च येत नाही असे तर मुळीच नाही. तिघा संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, जगात सर्रास वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहावयाचे तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण ते अस्तित्वातच नसते आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीस आपापले लिहावे लागले असते, तर तो खर्च ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता. यातील ९६ टक्के मूल्य अवघे पाच टक्के प्रोग्रॅमर निर्माण करतात, असेही त्यांना आढळले. अशा प्रकारच्या हिशेबांत गृहीतकांचा वाटा मोठा असतो आणि आकड्यांकडे थोडे सावधपणेच पाहिले पाहिजे. तथापि ते निम्म्याने चुकले तरी मूळ मुद्द्यास धक्का लागत नाही. इतका मोठा पसारा इतक्या थोड्या खांद्यांवर आहे.

नवे ते निर्धोक?

यावर एक सुटसुटीत तोडगा सुचविला जातो. जुन्या आवृत्तीला ठिगळे लावत बसण्यापेक्षा प्रत्येकाने भाषेच्या कोठारातून सदैव ताजी आवृत्ती घ्यावी, म्हणजे सुरक्षा पथकाची गरजच उरणार नाही. तरुण प्रोग्रॅमरांत हे मत विशेष लोकप्रिय आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. अनेक दोषांची दुरुस्ती ताज्या आवृत्तीत सर्वांत आधी येते. पण गेल्या दोन-तीन वर्षांतील घटना या मताच्या विरुद्ध साक्ष देतात.

८ सप्टेंबर २०२५ रोजी एनपीएम कोठारातील अठरा पॅकेजांत चोरट्यांनी आपला माल मिसळला. पॅकेजे सांभाळणाऱ्या एका स्वयंसेवकास बनावट पत्र पाठवून त्याच्या खात्याची किल्ली त्यांनी हस्तगत केली होती. ही पॅकेजे आठवड्यास दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतली जातात. काही तासांत लबाडी उघडकीस आली. परंतु त्या तासांत जो जितका तत्पर, तो तितका अधिक धोक्यात होता. मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण तर याहून विलक्षण होते. फाइली लहान करणाऱ्या या लायब्ररीच्या एकट्या, थकलेल्या कर्त्यास मदत करण्याच्या मिषाने एका टोपणनावी व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास संपादन केला आणि शेवटी तिच्यात चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले, त्याने पिच्छा पुरविला आणि २९ मार्च रोजी हे कारस्थान जाहीर केले. चोरवाट डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचली होती. सावकाश चालणाऱ्या स्थिर आवृत्तीत ती शिरली नव्हती.

सावकाशपणालाही किंमत असते, आणि ती पुन्हा माणसांच्या वेळातच मोजावी लागते. पायथॉनची प्रत्येक आवृत्ती तिचे कर्ते पाच वर्षे सांभाळतात. ३.९ या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. पण हीच आवृत्ती ज्या अकराव्या डेबियनमध्ये आहे, तिच्या दुरुस्तीची दीर्घ मुदत ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत ठरलेली आहे. म्हणजे भाषेच्या कर्त्यांनी हात काढून घेतल्यानंतरही ठिगळे लावण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी करावयाचे असते. हे ‘दुसरे कोणी’ सर्वस्वी स्वयंसेवक नव्हेत. २०१४ पासून काही कंपन्या आणि संस्था वर्गणी देतात आणि त्यातून मोजक्या प्रोग्रॅमरांना तासांच्या हिशेबाने मोबदला मिळतो. स्वयंसेवेच्या तत्त्वाशी हे विसंगत असल्याची कुरकुर त्या वेळी झाली. ती सकारण नव्हती. नोड जेएसच्या पाटीने हेच तर सांगितले होते, की कंटाळवाणे काम केवळ हौसेवर होत नाही.

उबुंटूने तिसरी वाट धरली. तिच्या पॅकेजांचे दोन भाग आहेत. पहिल्या, लहान भागाच्या सुरक्षेची हमी कॅनॉनिकल ही कंपनी पाच वर्षे घेते. दुसरा भाग फार मोठा असून त्यात विविध भाषांची असंख्य पॅकेजे येतात. तो परंपरेने समाजाच्या भरवशावर होता. जानेवारी २०२३ पासून या दुसऱ्या भागाच्या दुरुस्त्या कंपनी वर्गणीदारांना देऊ लागली. व्यक्तिगत वापरासाठी पाच संगणकांपर्यंत ही वर्गणी मोफत आहे, संस्थांना मात्र पैसे मोजावे लागतात. यात अनीती काही नाही. काम करणाऱ्यास पगार हवा आणि तो कोठून तरी आला पाहिजे. परंतु जी दुरुस्ती सार्वजनिक विहिरीसारखी होती ती आता अंशतः नळाच्या मीटरवर गेली आहे, हे संस्थांनी ओळखले पाहिजे. ‘उबुंटू फुकट आहे’ एवढ्या ऐकीव माहितीवर शंभर संगणकांची प्रयोगशाळा उभी करणाऱ्यास ती फुकट आहे हे ठाऊक असते. कोणता भाग विनादुरुस्ती आहे हे ठाऊक नसते.

डेड स्टॉक रजिस्टर

भारतापुरते बोलावयाचे तर धोक्याची घंटा वाजून गेली आहे. ३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीस देण्याघेण्याच्या जाळ्यातून तात्पुरते अलग केले. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाला होता. वृत्तांनुसार सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक त्यामुळे अडले. एका खासगी सुरक्षा-संशोधन संस्थेने या हल्ल्याचा माग काढून जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे चोरांचा शिरकाव जेन्किन्स या जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या, नीट न राखलेल्या एका सर्व्हरमधून झाला. त्या प्रोग्रॅममधील दोषाची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच निघाली होती. ज्या राज्यात सहकारी बँक ही शिक्षकाच्या पगाराची आणि शेतकऱ्याच्या ठेवीची जागा आहे, त्या महाराष्ट्रात या निष्कर्षाची जितकी चर्चा व्हावयास हवी होती तितकी झाली नाही.

सरकारी पातळीवर काहीच हालचाल नाही असे नव्हे. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सर्ट-इन ही केंद्रीय संस्था दोषांच्या सूचना नियमित काढते, आणि प्रोग्रॅममध्ये कोणकोणते घटक आहेत याची यादी ठेवण्याविषयी २०२४ मध्ये तिने मार्गदर्शक सूचनाही दिल्या. औषधाच्या बाटलीवर घटक छापावेत तशी ही यादी. लॉगफोरजेच्या वेळी नेमकी हीच नव्हती. युरोपीय संघाने तर कायदाच केला असून ११ डिसेंबर २०२७ पासून तेथील बाजारात संगणकीय माल विकणाऱ्यास त्याच्या सुरक्षा-दुरुस्तीची जबाबदारी ठरावीक मुदतीपर्यंत घ्यावी लागेल. जर्मनीने २०२२ पासून सरकारी निधीतून अशा पायाभूत पॅकेजांच्या देखभालीस पैसा देण्यास आरंभ केला. भारतात झिरोधा या दलाली पेढीने २०२४ मध्ये वर्षास दहा लाख डॉलरचा निधी याच कामासाठी जाहीर केला. एका खासगी पेढीस जे सुचले ते संगणकावर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांना का सुचू नये, असे विचारावयास हरकत नाही.

अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे. संगणक खरेदी ही भांडवली बाब. तिला मंजुरी मिळते, उद्घाटन होते, हार-तुरे होतात. देखभाल ही आवर्ती बाब. तिच्यावर लेखापरीक्षकाची वक्रदृष्टी. महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरात संगणक चढतो, त्याचा कीबोर्ड चढतो, टेबलही चढते. त्या संगणकावरील पॅकेजांची नोंद कोठेच होत नाही. वार्षिक देखभालीचा करार होतो तो पडदा आणि पंखा बिघडला तर बदलण्याचा. आत काय चालले आहे ते कोणाच्याच कक्षेत येत नाही.

विद्यार्थ्यांचीही यात एक भूमिका आहे, आणि ती केवळ बळी पडणाऱ्याची नव्हे. पायथॉन आता बहुतेक अभ्यासक्रमांत आहे. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीवर विद्यार्थी पायथॉनच्या कोठारातून एखादे पॅकेज थेट बसवू पाहतो तेव्हा यंत्र नकार देते. ही जागा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात आहे, तुझ्या प्रयोगासाठी वेगळा कोपरा कर, असे बजावते. वेगळा कोपरा करण्याऐवजी विद्यार्थी कोठून तरी नकार झुगारण्याची आज्ञा शोधून काढतो. त्या आज्ञेचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’, म्हणजे सिस्टिमची पॅकेजे मोडा, असे ठेवण्यात आले आहे. इतके स्पष्ट नाव ठेवूनही ती वापरली जाते, याचे कारण प्रात्यक्षिकाच्या तासात प्रोग्रॅम चालणे एवढ्यालाच गुण असतात. ते का नाकारले गेले हे विचारण्याला नसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या कार्यकर्त्यांचे जागतिक संमेलन कोची येथे भरले होते. या कामात भारतीय तरुण नाहीत असे नाही. एखाद्या पॅकेजातील दोष शोधून त्याची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसविणे, हे पदवीच्या प्रकल्पासाठी ग्राह्य धरले गेले, तर विद्यार्थ्यास शंभरावा ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा अधिक शिकावयास मिळेल आणि त्याचा उपयोग दूरच्या एखाद्या रुग्णालयासही होईल.

तोवर कचेऱ्यांना आणि महाविद्यालयांना एक गोष्ट विनाखर्च करता येण्याजोगी आहे. डेड स्टॉक रजिस्टराला एक पान जोडावे. त्यावर प्रत्येक सर्व्हरसाठी प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि दुरुस्तीची मुदत लिहावी. डेबियन १२ साठी ही नोंद करणे अवघड नाही: नियमित दुरुस्ती १० जून २०२६ पर्यंत, दीर्घ मुदतीची ३० जून २०२८ पर्यंत. त्याखाली भाषांच्या कोठारांतून थेट आणलेल्या पॅकेजांची यादी करावी, आणि त्या प्रत्येकासमोर दुरुस्तीवर लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीचे नाव व हुद्दा लिहावा. या शेवटच्या रकान्यात लिहिण्यास नाव सापडले नाही, तर ते पॅकेज त्या सर्व्हरवर ठेवावयाचे की काढावयाचे याचा निर्णय प्राचार्यांनी किंवा कार्यालयप्रमुखांनी तारखेसह आणि सहीनिशी त्याच पानावर नोंदवावा.